सुई सारखी निसटते? नवा नीडल माइंडर घेण्याआधी अंतर तपासा

नीडल माइंडर म्हणजे भरतकाम करताना सुई टेकवून ठेवायचं चुंबक: जाळीदार कॅनव्हासच्या पुढे पाठीला चुंबक असलेला शोभेचा तुकडा आणि त्याला धरून ठेवणारं दुसरं चुंबक कॅनव्हासच्या मागे. त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते: "सुरुवातीला छान धरायचा, आता धरत नाही." सुई निसटून मांडीवर पडते, तिथून जमिनीवर. नाहीतर सुई जागेवर राहते आणि अख्खा माइंडरच घसरत घसरत कॅनव्हासच्या खालच्या कडेला येऊन बसतो. मग चुंबक उतरलं असं समजून दुसरा माइंडर आणला जातो, या वेळी "एक्स्ट्रा स्ट्राँग" लिहिलेला. आणि पुढचं काम अर्ध्यावर आलं की पुन्हा तेच.

चुंबक उतरलेलं नसतं. हल्लीच्या बहुतेक माइंडरमध्ये निओडिमियम चुंबक असतं आणि घरातल्या तापमानाला ते वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच जोरदार राहतं. बदललेला असतो तो तुमचा कॅनव्हास. काम सुरू केलं तेव्हा दोन चुंबकांच्या मध्ये नुसती जाळी होती. आता तिथे लोकरीचे टाके आहेत, पाठीमागे दोऱ्यांची टोकं दाबलेली आहेत, आणि मूळची जाडी कितीतरी वाढलेली आहे. म्हणूनच ही अडचण दर वेळी कामाच्या मध्यावर येते, पहिल्या दिवशी येत नाही.

चुंबकाची पकड अंतराला किती हळवी असते याचा एक हिशोब देते. १० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची चकती घ्या. तिच्या पृष्ठभागापासून ३ मिलिमीटर दूर गेलात की मधोमध मोजलेलं चुंबकीय क्षेत्र जवळपास निम्म्यावर येतं, आणि सुईवरची प्रत्यक्ष ओढ त्याहूनही जास्त घटते. उलट चुंबकाचा दर्जा एन-३५ वरून एन-५२ वर नेला तरी क्षेत्र वाढतं ते साधारण वीस टक्क्यांनी. म्हणजे ३ मिलिमीटरच्या अंतराने जे घालवलं ते वरच्या दर्जाने भरून निघत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की ताकद विकत घेण्याआधी अंतर कमी करता येतं का ते बघा. माइंडर निवडताना आणि आहे तो दुरुस्त करतानाही.

नेमकं काय पडतंय ते आधी बघा

"पडतो" या एका शब्दाखाली तीन वेगळे दोष लपलेले असतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. नेहमीची सुई घ्या, नेहमीच्या लांबीचा दोरा ओवा, सुई माइंडरवर ठेवा आणि कॅनव्हास उभा धरून फ्रेमवर दोन बोटांनी टकटक करा. सुई सुटली पण माइंडर हलला नाही, तर दोष पुढच्या बाजूला आहे. सुईसकट माइंडर खाली सरकला, तर दोष मागच्या बाजूला किंवा माइंडरच्या जागेत आहे. शोभेचा तुकडा हातात आला आणि चुंबक कॅनव्हासलाच चिकटून राहिलं, तर गोंद सुटलाय.

यातलं काहीच झालं नाही आणि तरी रोज सुई हरवत असेल, तर बाही, शाल, चष्म्याची दोरी किंवा दिव्याची वायर दोऱ्यात अडकत असणार. तिथे कोणतंही चुंबक कामाचं नाही. माइंडरची जागा बदलावी लागेल. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

सुई पुढच्या बाजूने सुटते तेव्हा

पहिला संशय शोभेच्या तुकड्याच्या जाडीवर घ्या. सुई कधीच थेट चुंबकावर बसत नाही. ती बसते तुकड्यावर आणि चुंबक असतं त्याच्या पाठीला. रेझिनचा फुगीर थेंब, काचेचा घुमट, लाकडाची कोरलेली चकती हे सगळे दिसतात सुंदर, पण त्यांची जाडी सहज ४-५ मिलिमीटर भरते. वरचा हिशोब आठवला तर एवढ्या अंतरावर १० मिलिमीटरच्या चकतीत सुईसाठी फारसं काही उरत नाही. तुकडा २ मिलिमीटरच्या आत असेल तर साधं चुंबकही सुई घट्ट धरतं. जाडच तुकडा आवडला असेल तर त्याच्या पाठीला चुंबकासाठी खाच कोरलेली आहे का ते बघा, म्हणजे चुंबक आत शिरतं आणि सुईच्या जवळ येतं. लाकडी चकतीला अशी खाच घरीही पाडता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे चुंबक तुकड्याच्या नेमकं कुठे आहे. फूल ४ सेंटिमीटरचं आणि चुंबक १ सेंटिमीटरचं असेल तर पाकळ्यांच्या टोकांवर ओढ जवळपास नसतेच, आणि सुई मात्र सवयीने तिथेच टेकवली जाते. मोकळी सुई तुकड्यावरून हळूच फिरवा. एका जागी ती बोटांतून खेचली गेल्यासारखी वाटेल. चकतीच्या आकाराच्या चुंबकाची ओढ मधोमध असते त्यापेक्षा काठावर जास्त तीव्र असते, त्यामुळे ऐन मध्यावर टेकवलेली सुई कधीकधी उभी राहते किंवा गरकन फिरते. सुई आडवी अशी ठेवा की ती चकतीचे दोन्ही काठ ओलांडेल. एवढ्यानेच बऱ्याच जणींची अडचण मिटते, नवीन काही घ्यावं लागत नाही.

आता तुकडा कशाचा आहे ते बघू. जस्ताचा मिश्रधातू, पितळ, तांबं, लाकूड, रेझिन, ॲक्रिलिक, काच या सगळ्यांतून चुंबकाचा जोर आरपार जातो. लोखंड किंवा पोलादाचं तसं नाही. लोखंडी पत्रा चुंबकाचा जोर स्वतःमध्ये पसरवून घेतो आणि पुढे सुईपर्यंत फार थोडा पोचू देतो. कोटाला लावायच्या एनॅमल पिनचा माइंडर बनवायची पद्धत आहे आणि त्यातल्या काही पिना लोखंडी असतात. ओळखायला सोपं आहे: चुंबक चिकटवण्याआधी एक सुटं चुंबक पिनेला लावून बघा. चिकटलं तर पिन लोखंडी आहे, माइंडरसाठी दुसरी निवडा. याचाच एक भाऊ म्हणजे पोलादी वाटीत बसवलेलं चुंबक. पाटी-फळ्याला लावायची कित्येक चुंबकं अशी असतात. वाटीमुळे सगळा जोर उघड्या बाजूला जातो. ती बाजू कॅनव्हासकडे आली तर माइंडर जागचा हलत नाही आणि सुई मात्र समोर एक क्षणही टिकत नाही. "माइंडर इतका घट्ट आहे, मग सुई का धरत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे असतं.

वाकणाऱ्या रबरी चुंबकाच्या पट्टीपासून किंवा तिच्यातून कापलेल्या गोलापासून लांबच राहा. त्या पट्टीत उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या अरुंद रेघा एकाआड एक असतात. त्यामुळे थेट टेकवलेल्या वस्तूला ती धरते, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर तिचा जोर संपतो. सुई ठेवायच्या डबीच्या तळाला ती चालेल. कॅनव्हासच्या आरपार धरायला चालणार नाही.

एक उपाय असा आहे जो फारसा कोणी करून बघत नाही. मागचं चुंबक बदला. पुढचं आणि मागचं चुंबक एकाच दिशेने लागलेलं असतं, त्यामुळे मागचं जाड केलं की त्याचा जोर पुढच्यात मिळतो आणि सुईच्या बाजूलाही पकड वाढते. २ मिलिमीटरच्या जागी त्याच व्यासाची ३ किंवा ४ मिलिमीटरची चकती लावून बघा. दुसरी चकती नसेल तर पहिल्या चकतीवर तसलीच एक आणखी ठेवली तरी चालतं. पुढचा सुंदर तुकडा तसाच राहतो. मागे चुंबकाऐवजी नुसती लोखंडी चकती असलेले माइंडरही मिळतात. कोऱ्या कॅनव्हासवर ते चालून जातात, टाक्यांच्या जाडीवर मात्र दमतात. त्यांची चकती काढून चुंबक लावलं की फरक लगेच कळतो.

शेवटी सुई ठेवायची रीत. टेपेस्ट्री सुई, म्हणजे या कामाची बोथट टोकाची सुई, साधारण चार सेंटिमीटरची. तिचं नेढं माइंडरच्या खाली लोंबत राहिलं आणि त्यातून ४५ सेंटिमीटर दोरा ओघळत असला, तर दोऱ्याचं वजन तरफेसारखं काम करतं: आधी नेढ्याकडची बाजू उचलली जाते, तिथे फट पडते, फट पडली की ओढ कमी होते आणि सुई टोकापर्यंत सोलून निघते. त्यात लोकर असेल तर आणखी लवकर. म्हणून नेढं वरच्या बाजूला ठेवा, सुईचा मधला भाग चुंबकावर येऊ द्या आणि दोरा फ्रेमच्या वरून मागे टाका. दोऱ्याचा भार फ्रेम घेते, चुंबकाला फक्त सुई सांभाळायची उरते.

माइंडरच घसरतो तेव्हा

चुंबकाच्या पाकिटावर ओढीचा जो आकडा छापलेला असतो तो जाड, सपाट पोलादावर चुंबक थेट टेकवून, सरळ मागे खेचून मोजलेला असतो. तुमच्या उभ्या फ्रेमवर माइंडर सरळ मागे खेचला जात नाही; तो खाली सरकतो. सरकण्याला विरोध करतं ते घर्षण, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ते छापील ओढीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं. त्यामुळे छापील आकडा माइंडरच्या वजनाच्या कितीतरी पट असूनही माइंडर खाली येऊ शकतो, आणि त्यात कोणी फसवलेलं नसतं.

पहिला उपाय जागेचा. माइंडर टाके घातलेल्या भागावर न लावता कोऱ्या कडेवर लावा. नीडलपॉइंटच्या, म्हणजे जाळी टाक्यांनी भरून काढायच्या भरतकामाच्या, कॅनव्हासला चारी बाजूंनी साधारण ५ सेंटिमीटर कोरी जागा ठेवायची पद्धत आहे. तिथे जाडी कमी असते, जाळी खरखरीत असल्याने घर्षण जास्त मिळतं, आणि डाग पडला किंवा रंग खरवडला तरी तो भाग शेवटी मागे दुमडला जातो.

पण इथे एक खोच आहे. कॅनव्हास स्ट्रेचर बारवर, म्हणजे फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांवर, ताणलेला असेल तर त्या कोऱ्या जागेतला बराच भाग लाकडी पट्टीवर जातो. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात मोठा माइंडर बसवला की मागच्या चुंबकाची एक कड लाकडावर चढते. चुंबक तिरकं राहतं, एका बाजूला टेकलेलं, दुसरीकडे उचललेलं. पुढून सगळं ठीक दिसतं, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. फ्रेम उलटी करून मागून बघा. चकती लाकडाला घासत असेल तर माइंडर तिरपा करून नाही भागणार. लहान व्यासाची चकती लावा. या जागेसाठी १० मिलिमीटर व्यासाची जाड चकती १५ मिलिमीटरच्या पातळ चकतीपेक्षा बरी.

फ्रेमच्या पट्टीवरच माइंडर लावायचा असेल तर कॅनव्हास ज्या पिनांनी ठोकलेला असतो त्यांचाच उपयोग करता येतो. चपट्या डोक्याच्या पोलादी पिना असतील तर शेजारी शेजारी दोन पिना ठोकून माइंडरचं चुंबक थेट त्यांच्या डोक्यांवर बसवा. मध्ये कॅनव्हास नाही, जाडी नाही, मागच्या चुंबकाची गरज नाही. भरगच्च टाक्यांच्या कामात ही माझी सर्वांत आवडती जागा आहे, कारण काम कितीही पुढे सरकलं तरी तिथली पकड बदलत नाही. पिना पितळी असतील तर चिकटणार नाहीत हे उघड आहे. पितळी मुलामा दिलेल्या पोलादी पिना मात्र चालतात.

फ्रेम न वापरता कॅनव्हास हातात धरून टाके घालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. हातात कॅनव्हास सतत वाकतो. ३-४ सेंटिमीटरचा ताठ, सपाट माइंडर त्या वळणाबरोबर वाकत नाही. मग त्याच्या कडा उचलल्या जातात आणि दर टाक्याला तो थोडा थोडा सरकतो. अशा कामाला अडीच सेंटिमीटरच्या आतला, हलका माइंडर घ्या. जड, उंच उठावाचा तुकडा फ्रेमवरही त्रास देतो. वजन कॅनव्हासपासून जितकं पुढे आलेलं असतं तितका तो वरच्या कडेने सुटून पुढे झुकतो. पातळ आणि रुंद तुकडा त्याच वजनाच्या उंच तुकड्यापेक्षा कधीही चांगला धरतो.

घसरू नये म्हणून पाठीला फेल्ट लावावं असा सल्ला ऐकायला मिळतो. जाड फेल्टने घर्षण वाढतं पण अंतरही वाढतं, म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. लावायचंच तर रबरासारखं पकडणारं आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काहीतरी लावा.

चुंबक निघून हातात येतं तेव्हा

निकेलचा मुलामा दिलेलं चुंबक आरशासारखं गुळगुळीत असतं आणि गोंदाला तिथे धरायला काही मिळत नाही. ग्लू गनचा गोंद तर पापुद्र्यासारखा सुटून येतो. सुपरग्लू सुरुवातीला घट्ट बसतो पण ठिसूळ असतो. दोन चुंबकं खटकन एकमेकांवर आदळली की त्याला तडा जातो, आणि माइंडर वापरताना हे आदळणं रोजचंच. दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी या कामाला योग्य. चुंबकाची चिकटवायची बाजू आणि तुकड्याची पाठ बारीक पॉलिश पेपरने थोडी खरवडा, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या, मग चिकटवा. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलेलं असलं तरी पूर्ण ताकद यायला त्याला एक दिवस लागतो. तोवर दुसरं चुंबक जवळ आणू नका आणि लोखंडी टेबलावर सुकायला ठेवू नका, नाहीतर चुंबक ओल्या गोंदातून घसरत टेबलाकडे जातं.

चिकटवण्याआधी बाजू तपासा. मागच्या चुंबकालाही शोभेचा तुकडा किंवा रिबीन चिकटवलेली असेल तर त्याची कुठली बाजू कॅनव्हासकडे येणार हे ठरलेलं असतं. पुढचं चुंबक उलटं चिकटवलं तर दोघं एकमेकांना ढकलतात. ओढ असतानाच दोन्ही चुंबकांच्या बाहेरच्या बाजूंवर मार्करने खूण करा आणि मग कामाला लागा.

मागचं सुटं चुंबक हरवणं हीसुद्धा नेहमीची तक्रार. ते बहुतेक वेळा कात्रीला, दिव्याच्या बैठकीला किंवा खुर्चीच्या पायाला जाऊन चिकटलेलं सापडतं. माइंडर काढल्या काढल्या दोन्ही भाग एकमेकांना लावून ठेवायची सवय लावा. आणि त्या चुंबकाला रिबिनीचं छोटं शेपूट चिकटवा. हरवलं तर दिसतं, आणि कॅनव्हासवरून काढताना नखांनी उचकटावं लागत नाही.

कॅनव्हासवर डाग, दाब, ओरखडे

निओडिमियम चुंबकात लोखंडाचा अंश भरपूर असतो, त्यामुळे मुलामा उडाला की ते गंजतं. कडेचा टवका उडालेलं चुंबक कॅनव्हासला लावू नका. दमट हवेत एका रात्रीत तपकिरी कडं उमटू शकतं आणि गंजाचा डाग लोकरीतून किंवा रेशमातून काढणं जवळपास अशक्य आहे. तेच सुईचं. माइंडरवर किंवा कॅनव्हासमध्ये सुई खोचून काम गुंडाळून ठेवायचं नाही, मग ती कितीही चकचकीत असो. घामाने मुलामा झिजलेली सुई बोटाला खरखरीत लागते. तशी लागली की टाकून द्या.

दाब ही त्यापेक्षा सौम्य पण हमखास होणारी गोष्ट. दोन जोरदार चुंबकं लोकरीच्या टाक्यांवर रात्रभर राहिली की तिथे गोल खळगा दिसतो. वाफ दाखवून लोकर बरीचशी फुलते. मखमली दोरा किंवा सॅटिन टाक्यातलं रेशीम मात्र पुन्हा तसं होईलच असं नाही. रंगवलेल्या कॅनव्हासवर माइंडर ओढत सरकवू नका. मागचं चुंबक एका कडेने उचलून तिरकं करा, मग ते सहज सुटतं. लावतानाही मागचं चुंबक समोरासमोर आणून खटकन सोडू नका. कडेकडून हळूच सरकवत जागेवर आणा. त्याने कॅनव्हास वाचतो, मध्ये येणारं बोटही वाचतं.

सुईकडूनच अडचण असेल तर

टेपेस्ट्री सुया बहुधा पोलादाच्या आणि वरून निकेलचा मुलामा दिलेल्या असतात. सोन्याचा मुलामा असला तरी आत पोलादच असतं, त्यामुळे चुंबक धरतं. प्लास्टिकच्या आणि पितळेच्या सुया चिकटत नाहीत, आणि काही प्रकारच्या स्टेनलेस पोलादालाही चुंबक धरत नाही. अनेक सुयांपैकी एकच सारखी पडत असेल तर ती वेगळ्या धातूची आहे का बघा.

याच्या अगदी उलट अडचण म्हणजे सुईच चुंबक होणं. कडक पोलाद चुंबकावर बराच काळ राहिलं की स्वतः चुंबकत्व धरून ठेवतं. मग सुई कात्रीकडे उडी मारते, दुसऱ्या सुईला चिकटते, माइंडरजवळ टाका घालताना चुकीच्या छिद्राकडे ओढली जाते. स्क्रू-ड्रायव्हरचं चुंबकत्व घालवायचं छोटं साधन मिळतं, त्यातून सुई फिरवली की ती बरीच शांत होते. तापवून चुंबकत्व घालवायच्या फंदात पडू नका, सुईचा कडकपणाच जातो. खरा उपाय साधा आहे: माइंडर फक्त बसून काम करतानाची जागा समजा. उठताना सुया फेल्टच्या पानात जाऊ द्या. आणि एका माइंडरवर दोन-तीन सुयांपेक्षा जास्त नकोत. आठ रंगांच्या आठ सुया एकावर ठेवल्या की प्रत्येक नवी सुई चुंबकापासून थोडी लांब बसते आणि दोरे एकमेकांत अडकतात.

जुन्या मण्यांमध्ये पोलादी मणी असतात आणि हेमेटाइट म्हणून विकले जाणारे काही मणी मुद्दाम चुंबकी केलेले असतात. असे मणी शिवत असाल तर त्या कोपऱ्यापासून माइंडर लांब ठेवा. जरीचा धागा मात्र हल्ली बहुधा धातूचा पातळ थर दिलेल्या पॉलिस्टरचा असतो, त्याला काही होत नाही.

नवा घ्यायचाच असेल तर

आधी तुमचा कॅनव्हास आणि सुई बघा, मग माइंडर. एका इंचात १८ छिद्रं असलेल्या कॅनव्हासला २२ नंबरची सुई लागते, १३ ला २०, १० ला १८. नंबर कमी तशी सुई जाड. १८ च्या कॅनव्हासवर दोन-तीन पदरी रेशमाचं काम करत असाल तर जाडी कमी राहते. तिथे १० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची जोडी पुरते आणि त्याहून मोठी घेतली तर उगाच टाके दाबते. १० किंवा १३ वर लोकर भरत असाल तर दोन्हीकडे ३ मिलिमीटर जाडी धरा, आणि मागे आणखी एक चकती लावायची तयारी ठेवा. व्यासापेक्षा जाडी वाढवणं जास्त उपयोगी पडतं, कारण जाड चुंबकाचा जोर दूरवर टिकतो.

हातात घेऊन बघता येत असेल तर भरलेल्या कॅनव्हासचा एक जुना तुकडा सोबत न्या. कोऱ्या कागदावर किंवा पत्र्याच्या स्टँडवर सगळेच माइंडर छान वाटतात. तुकड्याच्या कडेवरून रेशमी दोऱ्याचा एक पदर ओढून बघा. कुठेही अडकला तर तो माइंडर रोज दोरा ओरबाडणार, मग त्याचं डिझाइन कितीही मनात भरलेलं असो. टोकदार पाने, तारेचे मिशीसारखे तपशील, उघडी खाच असलेली पिन यांनी हे हमखास होतं. जागा ठरवताना दोरा फिरतो तो अर्धगोल डोळ्यांसमोर आणा: ४५ सेंटिमीटर दोरा ओढताना हात जिथपर्यंत जातो तिथे माइंडर नको. उजव्या हाताने काम करणाऱ्यांना तो बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात सोयीचा पडतो, डावखुऱ्यांना वरच्या उजव्या. चालू टाक्यांपासून किमान चार बोटं दूर.

चुंबक घरात आणताना

हा भाग वगळू नका. लहान चुंबकं मुलांच्या हाती लागता कामा नयेत. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याची दोन वेटोळी त्यांच्यामध्ये चिमटली जातात आणि भोक पडू शकतं. अशी नुसती शंका आली तरी थांबून बघायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं. मागचं सुटं चुंबक हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत शोधा, विशेषतः घरात रांगणारं बाळ किंवा पाळीव प्राणी असेल तर.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं उपकरण असलेल्यांनी चुंबक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावं. काम करता करता माइंडर पदराला किंवा कुर्त्याच्या गळ्याशी लावून उठायची सवय असते, ती अशा घरात कोणालाच नको, कारण मिठी मारतानाही अंतर संपतं. कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट आणि मेंदूतलं पाणी वळवणारी, चुंबकाने जुळवता येणारी झडप यांनाही चुंबक जवळ चालत नाही. अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते वापरावं.

अशा घरांसाठी चुंबकाशिवायची सोय करणं अवघड नाही. दाट लोकरी फेल्टचा तीन बोटं रुंद तुकडा दुहेरी करा, मध्ये लोकरीचे जुने कातर दोरे भरा, कडा शिवून घ्या आणि फ्रेमच्या वरच्या पट्टीला नाडीने बांधा. टेपेस्ट्री सुईचं टोक बोथट असतं म्हणून फेल्ट फार ताठ भरू नका, नाहीतर सुई शिरत नाही. लोकर सुईला दोन्ही बाजूंनी धरते, दोऱ्याच्या ओढीने ती निघत नाही आणि टाक्यांच्या जाडीशी तिचा काही संबंध येत नाही.